खुब्याचा गोळा अजून गोल आहे का?

‘गोळा वाळलाय म्हणतात, मग आता दुसऱ्याचे हाड बसवतात का?’ ‘गुडघ्यातली कूर्चा इंजेक्शनने परत येते का?’ ‘हाड लावायचे की सरळ सांधाच बदलायचा?’ आरोग्यावर लिहिणाऱ्यांकडे चामोर्शी, मूल, सावली, आरमोरीकडून जे प्रश्न येतात, त्यांत हे तीन हटकून असतात. विचारणारे बहुतेक तिशीच्या आत-बाहेरचे असतात, नाहीतर अशा मुलाची किंवा मुलीची आई. म्हातारपणी गुडघे झिजतात ती गोष्ट निराळी. इथे ऐन कामाच्या वयात खुबा निकामी होतो आणि त्याचे मोठे कारण आपल्या भागात घरोघर माहीत असलेला सिकलसेल आहे.

हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात. शस्त्रक्रिया कोणती, हे नंतर ठरते. गोळा अजून गोल आहे की बसला, हे आधी ठरते. हाड आणि कूर्चा बसवण्याचे जे जे प्रयोग गेल्या दीडशे वर्षांत झाले, ते या एका मुद्द्यावर टिकले किंवा फसले.

गोळा वाळतो म्हणजे काय होते

मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कमरेच्या खोबणीत फिरते. तो खुब्याचा गोळा. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात, त्या वाहिन्यांत अडकतात आणि गोळ्याच्या आतले हाड रक्तावाचून मरते. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. तुमच्या कागदावर हीच तीन अक्षरे असतील.

मेलेले हाड लगेच कोसळत नाही. शरीर ते पोखरून नवे हाड घालायला घेते. पण वरून अंगाचे वजन पडतच असते, आणि दुरुस्ती पुरी होण्याआधी पोखरलेला भाग खचतो. गोळ्यावरची गुळगुळीत कूर्चा तोवर बऱ्यापैकी शाबूत असते, कारण तिचे पोषण रक्तातून नव्हे तर सांध्यातल्या द्रवातून होते. खालचा आधार खचला की मग ती कूर्चा फाटते, आणि काही काळाने समोरची खोबणीही झिजते.

नागपूरच्या परिसरातला सिकलसेल शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला होता. खुब्याशी त्याचे नाते किती जवळचे, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीतून दिसले. पाच वर्षांवरच्या दर १० सिकलसेल रुग्णांमागे सुमारे एकाच्या खुब्यात हा बिघाड सापडला, आणि वयाबरोबर प्रमाण वाढत गेले.

सिकलसेल नसलेल्यांनाही एव्हीएन होतो. स्टेरॉइडचे मोठे किंवा लांबलेले डोस, भरपूर दारू, खुब्याचे फ्रॅक्चर किंवा खुबा निखळणे ही नेहमीची कारणे. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत तो लवकर दिसू लागल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. गावात ‘ताकदीची सुई’ म्हणून जी मिळते तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असते, आणि ती घेतल्यावर दोन दिवस खरेच बरे वाटते. धोका तिथेच आहे.

दुखणे खुब्यात, बोट गुडघ्यावर

या आजारात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. खुब्याचे दुखणे पुष्कळदा मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते. रुग्ण गुडघा दाखवतो, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि गोळ्या देऊन परत पाठवले जाते. रोवणीचा हंगाम जातो, मग कापणीचा.

पुढीलपैकी काही दिसत असेल तर डॉक्टरांना ‘खुबाही तपासा’ असे स्वतःहून सांगा:

- जांघेत दुखते, आणि वजन टाकल्यावर वाढते.
- मांडी घालून बसता येत नाही, किंवा एका बाजूचा पाय आत वळवला की कळ येते.
- मूल लंगडते, पण पडल्याचे किंवा मार लागल्याचे कुणाला आठवत नाही.
- मार्कंड्याच्या यात्रेला दरवर्षी पायी जाणारा माणूस यंदा ‘चालवत नाही’ म्हणून घरी राहतो, आणि त्याचे वय पस्तीससुद्धा नाही.

दुखण्यासोबत ताप असेल, पाय हलवणेच अशक्य असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या हाडात जंतुसंसर्ग लवकर होतो. अशा वेळी वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. हाडवैद्याकडे मालीश करून घेण्याची ही वेळ नव्हे. खरे तर एव्हीएनमध्ये मालिशीने काही साधत नाही. हाड जागचे सरकलेले नसते, त्यामुळे ‘बसवायला’ काही नसतेच.

तपासण्या या क्रमाने

१. सिकलसेलची चाचणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विद्राव्यता चाचणी होते. ती सकारात्मक आली तर पुढची पक्की चाचणी करून ‘एएस’ की ‘एसएस’ हे लेखी घ्या. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा हा त्रास होत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते.

२. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे. एक समोरून आणि एक पाय बाहेर वळवून. दुसरा नसेल तर गोळ्याचा पुढचा खचलेला भाग सुटून जातो.

३. एमआरआय. पहिल्या टप्प्यात एक्स-रे पूर्ण चांगला असू शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काही नाही’ हे वाक्य सिकलसेलच्या रुग्णाने शेवटचे मानू नये. हाडाचा किती भाग मेला आहे हे एमआरआयच सांगतो.

अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: गोळा बसला आहे का, आणि खोबणी झिजली आहे का? उत्तर फाइलवर लिहून मागा. पुढचा सगळा लेख या दोन उत्तरांवर उभा आहे.

हाड लावण्याचा इतिहास, निर्णयापुरता

एका माणसाचे हाड दुसऱ्याला चालते का? चालते, आणि हे बरेच जुने आहे. ग्लासगोच्या विल्यम मॅकीवन यांनी १८७९-८० मध्ये एका लहान मुलाच्या दंडाचे नष्ट झालेले हाड पुन्हा उभे केले. त्यासाठी वापरले ते मुडदुसाने वाकलेले इतर मुलांचे पाय सरळ करताना कापून काढलेले हाडाचे तुकडे. ते हाड पुढे वाढले आणि हात कामाचा झाला.

त्यानंतर जर्मनीत एरिख लेक्सर यांनी फार मोठी उडी घेतली. कापलेल्या पायांतून अख्खे गुडघे काढून ते दुसऱ्या रुग्णांत बसवायचे. १९०८ मध्ये त्यांनी याचे निष्कर्ष मांडले. हाडाला हाड जुळत होते, पण पुढच्या काळात यातले जवळपास निम्मे सांधे फसले. अख्खा सांधा दुसऱ्याकडून घेण्याची पद्धत म्हणूनच रूढ झाली नाही. कुणी तुम्हाला ‘दुसऱ्याचा खुबा बसवतात’ असे सांगितले तर ते खुशाल सोडून द्या.

लावलेले हाड काय करते, हेही इथेच समजून घ्या. ते बहुतांशी जिवंत राहत नाही. वेलाला मांडव द्यावा तसे ते असते: तुमच्या शरीरातल्या पेशी त्यावर चढतात, हळूहळू जुने खातात आणि नवे घालतात. याला महिने, कधी वर्षे लागतात. तोवर मांडवावर वजन टाकले तर तो मोडतो. शस्त्रक्रियेनंतर कुबड्या का सांगतात आणि त्या मध्येच सोडल्या तर काय होते, याचे उत्तर यात आहे.

खुब्याच्या गोळ्यात हाडाची दांडी घालून त्याला टेकू देण्याचे काम शिकागोच्या फेमिस्टर यांनी १९४९ मध्ये मांडले. पुढे फ्रान्समध्ये फिका आणि आर्ले हे डॉक्टर निदानासाठी गोळ्यात भोक पाडून हाडाचा नमुना घेत असत. त्या भोकानेच रुग्णांचे दुखणे कमी होते हे त्यांच्या लक्षात आले आणि ‘कोअर डीकम्प्रेशन’ ही शस्त्रक्रिया जन्मली. कोलकात्याच्या डॉ. बक्सी यांनी स्नायूला जोडलेला, म्हणजे रक्तपुरवठा चालू असलेला हाडाचा तुकडा गोळ्यात बसवायला घेतला. त्यांचे १९८३ मधले लेखन आजही जगभर उल्लेखले जाते. अमेरिकेत अर्बेनिॲक यांनी १९७९ पासून पोटरीचे बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून खुब्यात जोडले.

बँकेतले हाड म्हणजे काय, असेही विचारले जाते. हवानात इन्क्लान यांनी १९४२ मध्ये थंड करून साठवलेल्या हाडाचे अनुभव लिहिले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिशू बँक आहे. दात्याचे हाड साफ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, म्हणून मूत्रपिंडासारखी रक्तगटाची जुळवाजुळव किंवा जन्मभर गोळ्या लागत नाहीत. बकऱ्याचे हाड बसवतात ही गावगप्पा. काही रुग्णालये प्राण्यांच्या हाडापासून बनवलेली भरणी वापरतात, हे मात्र खरे आहे. तुम्हाला ते नको असेल तर आधी सांगा.

गोळा गोल असताना

पर्याय याच टप्प्यात आहेत. एकही हमखास नाही, हेही लगेच सांगायला हवे.

- वजन कमी टाकणे आणि व्यायाम. ऐकायला किरकोळ वाटते. पण सिकलसेलच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लक्षात ठेवा. एका गटाला फक्त फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी दोन्ही. तीन वर्षांनी पुढच्या शस्त्रक्रियेविना टिकलेल्या खुब्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६ आणि ८२ टक्के होते, म्हणजे फरक नव्हताच. रुग्ण थोडे होते, तरी ‘आज शस्त्रक्रिया केली नाही तर संपले’ असे कुणी घाबरवत असेल तर हे आकडे आठवा.

- कोअर डीकम्प्रेशन. आतला दाब उतरतो, दुखणे बऱ्याचदा कमी होते. नुसते भोक की त्यात हाडही भरणार, हे विचारा.

- सोबत स्वतःच्या मज्जेतील पेशी. पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील एर्निगू यांनी सिकलसेलच्या रुग्णांतही कमरेच्या हाडातून मज्जा काढून, ती दाट करून गोळ्यात सोडली. गोळा बसण्याआधी केलेल्या रुग्णांत निकाल चांगले होते, बसल्यावर केलेल्यांत नाहीत.

- रक्तपुरवठ्यासह हाड बसवणे. तरुण रुग्ण, मोठा मेलेला भाग, पण गोळा गोल. हे काम मोजक्या ठिकाणी होते. शस्त्रक्रिया लांब चालते, आणि सिकलसेलच्या रुग्णासाठी लांब भूल स्वतःच एक जोखीम आहे. माझ्या मते एसएस रुग्णाने ही शस्त्रक्रिया रक्तविकारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी करू नये.

- हाड टिकवण्याच्या गोळ्या. मुंबईच्या डॉ. संजय अगरवाला यांनी ॲलेंड्रोनेट या औषधाचे चांगले अनुभव प्रसिद्ध केले. तैवानमधल्या नंतरच्या तुलनात्मक चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. स्वतःच्या मनाने घेण्याची ही गोळी नव्हे. विशेषतः पुढे मूल हवे असलेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

दुखू लागल्यावर किती वेळ हातात असतो? एर्निगू यांच्याच पाहणीत सिकलसेलच्या रुग्णांत, पहिल्या टप्प्यात सापडलेल्या पण काही न केलेल्या बहुतेक खुब्यांचा गोळा पाच वर्षांच्या आत बसला. म्हणजे दोन-चार ठिकाणी विचारायला वेळ आहे, दोन-चार वर्षे काढायला नाही.

गोळा बसल्यावर

इथे हाड लावण्याचा हट्ट धरू नका. खचलेल्या गोळ्यात कितीही चांगले हाड भरले तरी तो पुन्हा गोल होत नाही. दुखणे सहन होण्यासारखे असेल तर औषध, काठी आणि कामात बदल यांवर काही वर्षे निघतात. नसेल तर खुबा बदलणे हा मार्ग. जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा पाया घातला.

वय २५-३० असेल तर डॉक्टर कचरतात, आणि त्याला कारण आहे. कृत्रिम सांधा झिजतो, तरुण माणूस तो जास्त वापरतो आणि आयुष्यात पुन्हा एक शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता राहते. सिकलसेलमध्ये हाडाची आतली पोकळी कठीण आणि अरुंद झालेली असते, बसवताना हाड तडकू शकते, जंतुसंसर्गही जास्त होतो. तरी ज्याला रात्री झोप नाही आणि दिवसा चालता येत नाही, त्याने ‘वय लहान आहे’ एवढ्यावरून दहा वर्षे खाटेवर काढावीत, हे मला पटत नाही.

कूर्चा: कुणासाठी आणि कुणासाठी नाही

कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ साली लिहून ठेवले. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून जखम भरत नाही. अडीचशे वर्षांनी, १९९४ मध्ये, स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने मार्ग दाखवला. रुग्णाच्याच कूर्चेचा कण काढायचा, पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात परत सोडायच्या. त्यांचे पहिले २३ रुग्ण होते. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीमागे खड्डा असलेल्या ७ पैकी फक्त दोघांना. जागा बदलली की निकाल बदलतो, हे यात उघड आहे.

भारतात २०१७ मध्ये औषध नियंत्रकांनी अशा वाढवलेल्या कूर्चापेशींच्या उपचाराला परवानगी दिली. त्याच वेळी एव्हीएनसाठी वाढवलेल्या हाडपेशींनाही मिळाली. दुसरी एक पद्धत आहे, हंगेरीच्या हांगोडी यांची. गुडघ्याच्या कमी वजन पेलणाऱ्या भागातून हाड-कूर्चेच्या बारीक गुल्ल्या काढून खड्ड्यात रोवायच्या. लहान खड्ड्याला ही पुरते.

या दोन्ही पद्धती कुणासाठी? वय तरुण, मार लागून पडलेला एखादा खड्डा, आजूबाजूची कूर्चा चांगली, पाय सरळ. कुणासाठी नाही? ज्यांचा सगळा गुडघा झिजला आहे, पाय बाहेर वाकला आहे, वय साठ आहे त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या खुब्याचा गोळा बसला आहे त्यांच्यासाठीही नाही. खाली आधारच नसेल तर वर कूर्चा लावून काय होणार?

एसएस रुग्णाने शस्त्रक्रियेआधी विचारायच्या गोष्टी

- हिमोग्लोबिन किती आहे, रक्त आधी द्यावे लागेल का? साधारण १० पर्यंत आणण्याचा प्रघात आहे. वारंवार रक्त घेतलेल्यांना जुळणारे रक्त मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून आठवडाभर आधी रक्तपेढीला कळवायला सांगा.
- आदल्या रात्री उपाशी ठेवताना सलाइन लावणार का? शरीर सुकले की पेशी अडकतात.
- शस्त्रक्रियागृहात अंग गरम ठेवण्याची सोय आहे का?
- नंतर छातीत दुखले, धाप लागली तर अतिदक्षता विभाग तिथेच आहे का? सिकलसेलमध्ये शस्त्रक्रियेनंतरची छातीची गुंतागुंत जीवघेणी असू शकते.
- सिकलसेलसाठीची हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे, ती ठेवायची की थांबवायची? स्वतः ठरवू नका.
- दुखण्यावरच्या कोणत्या गोळ्या मूत्रपिंडाला चालतील?

या प्रश्नांची उत्तरे ज्या रुग्णालयात सहज मिळतात तिथे शस्त्रक्रिया करा. जिथे ‘ते आम्ही बघून घेऊ’ म्हणतात तिथे नको.

कुठे जायचे, पैसे कुठून

मार्कंडा-चामोर्शीकडच्यांनी सुरुवात चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयातून आणि गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयातून करावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार नि:शुल्क आहेत. वैनगंगेपलीकडच्यांना चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा एम्स, आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. रेफर चिठ्ठी, एक्स-रे, एमआरआयची सीडी आणि सिकलसेलचा अहवाल यांची एकच फाइल करा. पावणेदोनशे किलोमीटर जाऊन ‘फिल्म घरी राहिली’ म्हणणारे रोज भेटतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गडचिरोलीकरांना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ध्यानात ठेवायचे ते हे:

- योजना अंगीकृत रुग्णालयातच चालते. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, भरती झाल्यावर नव्हे.
- शिधापत्रिका आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर राहिलेले असते, आणि मंजुरी तिथे अडते.
- तुम्हाला सुचवलेली नेमकी शस्त्रक्रिया यादीत आहे का, ती खासगीत होते की फक्त सरकारीत, हे विचारा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा खर्च योजनेतून होईल असे धरून चालू नका.
- मंजूर पॅकेजमध्ये सांध्याची किंमत धरलेली असते. वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. एसएस रुग्णाने आणि चालण्यात अडथळा आलेल्या एव्हीएनच्या रुग्णाने यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करावा. बहुतेक लाभ ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वावर मिळतात. फक्त एएस असणाऱ्यांना हे कार्ड मिळत नाही, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. एसटीत सिकलसेल रुग्णांना सवलत आहे. कोणते कागद लागतात ते चामोर्शी किंवा गडचिरोलीच्या स्थानकावर विचारून मगच निघा.

हक्क आणि फसवणुकीच्या जागा

संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून सांगणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. घरात गोंडी किंवा बंगाली बोलत असाल तर तसे सांगा आणि सोबत माणूस न्या. हाड कुठून घेणार, तुमच्या कमरेतून, पोटरीतून की बँकेतून, हे संमतीपत्रात लिहायला लावा. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळायला हव्यात. कृत्रिम सांधा बसवला तर त्याच्या डब्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पंधरा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर नव्या डॉक्टरांना तोच कागद लागतो.

अवयव व ऊती प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने हाडासारख्या ऊतीही आल्या. मानवी हाडाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. टिशू बँक प्रक्रियेचा खर्च घेऊ शकते, त्याची पावती मागा. कुणी ‘दाता मिळवून देतो’ म्हणाला तर तिथून उठा.

‘स्टेम सेल’चे एक इंजेक्शन आणि गोळा पूर्ववत, अशा जाहिराती नागपूरपासून हैदराबादपर्यंत आहेत. विचारा: या उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, की ही चाचणी आहे? चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मान्यता असेल तर क्रमांक दाखवायला कुणाची हरकत नसावी. पीआरपीचे, म्हणजे रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनचेही तसेच. बसलेला गोळा त्याने उचलला जात नाही.

नंतरचे काम

उकिडवे बसून मोहफुले वेचणे, चिखलात वाकून रोवणी, तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला घातलेली मांडी: हे सगळे खुब्यावर पडते. हाड लावले असेल तर काही महिने आणि सांधा बदलला असेल तर बहुधा कायमचे यातले बरेच सोडावे लागते. शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच घरात उंच बैठकीची सोय करा. शौचालयावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते, सुतारही करून देतो. खाट उंच करा. कुबड्या डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरा, दुखणे थांबले म्हणून सोडू नका. तारीख शक्यतो रोवणीनंतरची घ्या, म्हणजे घरच्यांना सोबतीला थांबता येईल; पण ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर हंगाम बघू नका.

आणि एक तपासणी बहुतेकांची राहून जाते. सिकलसेलमध्ये हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो. एका खुब्याचे निदान झाले की दुसऱ्याचाही एमआरआय त्याच वेळी करून घ्या, तो दुखत नसला तरी.